सहा बाण, सातवं कुत्रं

१

रविवारी सकाळी सहाला शिकारघरातल्या चुलीवर कॉफी चढायची आणि ती उतरेपर्यंत टोळीतल्या प्रत्येकाची एकदा तरी टर उडवून व्हायची. इटलीतल्या तोस्कानाच्या त्या डोंगरात नोव्हेंबर ते जानेवारी हाच शिरस्ता. म्हातारा एर्कोले कॉफीत ग्राप्पा दारूची धार सोडायचा, कप्तान ओर्नेल्ला हजेरी घ्यायची आणि रानडुकरांच्या वाटांवर कोणी कुठल्या ठिय्यावर उभं राहायचं ते वाचून दाखवायची. शेवटी एकच ताकीद. शिंग वाजेपर्यंत ठिय्या सोडायचा नाही. रानात बंदुका भरलेल्या असतात, आणि जागा सोडून हिंडणारा माणूस झुडपाआडून डुकरासारखाच दिसतो.

"अकरावा, फाउस्तो," ओर्नेल्ला म्हणाली.

"तिथं डुकरानं शेवटचं पाऊल टाकलं तेव्हा याचा बाप लंगोटात होता," एर्कोले म्हणाला.

"म्हणून तर मागून घेतलाय," फाउस्तो म्हणाला. "गाडी शेजारी, वारा नाही. तुम्ही पळा, मी झोपतो." फाउस्तो गावचा खाटीक. पोट सुटलेलं, आवाज मोठा. दोन वर्षांपासून तो या निकामी ठिय्याला चिकटून होता आणि आळशी म्हणून बोलणी खात होता.

नेविओ हसला, पण अर्धा क्षण उशिरा. इतरांचे चेहरे हलले की मग हसायचं, अशी त्यानं सवय लावून घेतली होती.

नेविओ टोळीचा कुत्रेवाला. वय त्रेसष्ट, धंद्यानं गवंडी, आणि चौतीस वर्षं टोळीचे कुत्रे सोडण्याचा मान त्याचा. दरीच्या तळाशी उभं राहून तो सांगायचा, ही ब्रूना, हा लाम्पो, माग ताजा आहे, पुढे एकांडा नर आहे. सांगितलेलं चुकायचं नाही. शेजारच्या खोऱ्यातली माणसं त्याचं नाव घेताना टोपीला हात लावायची.

आणि दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचे कान गेले. डावा तर पार मेला. उजव्याला जवळचं बोलणं समजायचं, तेही ओठांकडे पाहत. लांबचं कुत्रं मात्र दोन्ही कानांना मुकं झालं. कुत्रेवाल्याला कुत्रं ऐकू येत नाही, हे सांगायचं कुणाला? सांगितलं की संपलं. दुसऱ्या दिवशी कुत्रे दुसऱ्याच्या हातात, आणि आपण चुलीपाशी एर्कोलेशेजारी कांदे चिरायला. मग ज्या उपकरणाला तो 'पोरांचं खेळणं' म्हणायचा तेच त्यानं विकत आणलं. कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे उपग्रहाशी बोलायचे आणि हातातल्या डबीच्या पडद्यावर सहा बाण सरकायचे. बाण बघून तो रेडिओवर सांगायचा, "ब्रूना पूर्वेच्या उतारावर, जोरात आहे." वाहवा तशीच चालू राहिली, फक्त आता ती घशाखाली उतरायची नाही.

त्या रविवारी त्यानं कुत्रे सोडले. सहाही बाण पूर्वेच्या उताराला लागले. नेविओ ओकांच्या झाडीत उभा राहून पडदा बघत होता, आणि त्याला कुत्रं ऐकू आलं.

दोन लांब हाका, मग एक आखूड, फाटकी. पुन्हा दोन लांब, एक फाटकी. पळत्या कुत्र्याचं भुंकणं नव्हे ते. डुक्कर कोंडलं की कुत्रं एका जागी पाय रोवून भुंकतं, या इथं, या इथं म्हणून, तसं ते होतं. आणि येत होतं पश्चिमेकडून, काळ्या घळीतून. तिकडे पडद्यावर एकही बाण नव्हता.

त्यानं उजव्या कानात बोट घातलं. आवाजात काही फरक पडला नाही. तो मेलेल्या डाव्या कानातून ऐकत होता.

२

नेविओ भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. ओळंबा लावून भिंती बांधणारा माणूस तो, त्याला कारण लागतं. पहिलं कारण, दुसऱ्या कुणाचं तरी चुकलेलं कुत्रं. पण पुढच्या रविवारीही ते तिथंच भुंकत होतं, आणि सात दिवस एका जागी भुंकणारं कुत्रं जगत नाही. दुसरं कारण, कान. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून बसनं दीड तास लांबच्या शहरात जाऊन तो कानाच्या डॉक्टरांना भेटला.

"कान जायला लागले की असले आवाज येतात," डॉक्टर म्हणाले. "शिट्टी येते, घंटा येते, समुद्रही येतो."

"आणि कुत्रं?"

"कुत्र्याचं काही अजून कुणी बोललं नाही," डॉक्टरांनी कबूल केलं.

घरी त्याची बायको इओले सगळं जाणून होती. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांच्या घरात जायला लागला तेव्हाच तिनं ओळखलं होतं, आणि तोंडातून शब्द काढणार नाही असं त्यानं तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

"सांगून टाक त्यांना," ती त्याच्या समोर येऊन म्हणाली. "चौतीस वर्षांची माणसं आहेत. खातील का तुला?"

"खाणार नाहीत. कीव करतील."

कुत्र्याबद्दल मात्र तो तिलाही बोलला नाही. रात्री पडल्या पडल्या त्यानं आजवरचे सगळे कुत्रे मनातल्या मनात भुंकवून पाहिले. मेलेले, विकलेले, डुकरानं फाडलेले, साठसत्तर तरी. एकेकाचा आवाज त्याला चेहऱ्यासारखा पाठ होता. हा त्यातला एकही नव्हता, आणि तेच त्याला जास्त बोचलं. ओळखीचं मेलेलं कुत्रं आलं असतं तर त्यानं हाक तरी मारली असती.

तिसऱ्या रविवारी तो घळीत उतरला. पडद्यावर सहा बाण डोंगराच्या पलीकडे. चेस्टनटच्या जुन्या झाडांमधून वाट काढत तो आवाजाच्या दिशेनं गेला, आणि आवाज खरोखरच जवळ येत गेला. दोन भुंकण्यांच्या मधला श्वासही ऐकू यायला लागला. झाडांत एक सपाट जागा होती, अंगणाएवढी. ओली पानं, शेवाळ, थोडं काटेरी झुडूप. आवाज त्या सपाट जागेच्या मधोमध होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्याच्यापासून दहा पावलांवर. आणि तिथं काही नव्हतं.

त्याला कुत्र्यांची चांगली माहिती. तोंड वर करून भुंकणं वेगळं आणि बिळात नाक घालून भुंकणं वेगळं. हे कुत्रं खाली तोंड करून भुंकत होतं. कशावर? खाली तर नुसती पानं. नेविओनं एक पाऊल टाकायचं ठरवलं आणि त्याच्या पायांनी साफ नकार दिला. जागेवरचं भुंकणं सावज समोर असतानाच होतं. इथं सावज नाही, म्हणजे ते अजून यायचं आहे. आणि ही हाक जर एकट्यालाच ऐकू येत असेल, तर सावज कोण ते उघड होतं.

त्या संध्याकाळी त्यानं कुत्र्यांच्या लसीची पुस्तकं कपाटातून काढून इओलेच्या हातात ठेवली. "मला काही झालं तर ब्रूना ओर्नेल्लाला द्यायची. ती पाठीवर थोपटलेलं खपवून घेत नाही, हेही सांग."

"काय होणार आहे तुला?" इओलेनं विचारलं. तो तिच्या ओठांकडे बघत नव्हता, त्यामुळे प्रश्न तसाच राहिला.

३

चौथ्या रविवारी धुकं पडलं. दहा पावलांपलीकडचं झाड दिसेना. ओर्नेल्लानं दुपारी बारालाच शिंग फुंकून डुकरं उठवण्याचा हाका आटोपता घेतला. बंदुका रिकाम्या झाल्या, सहा कुत्रे पिंजऱ्याच्या गाडीत चढले, माणसं एकेक करून शिकारघरी आली. फाउस्तो आला नाही.

"झोप लागली असेल," कुणीतरी म्हणालं. रेडिओवर उत्तर नाही. पण त्याच्या रेडिओची बॅटरी कायमच मेलेली, त्यामुळे अर्धा तास कुणी मनावर घेतलं नाही. मग सगळे अकराव्या ठिय्यावर गेले. त्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. ओर्नेल्लानं काचेतून आत पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. बंदूक आत होती, पिशवीत घातलेली, पिशवीला कुलूप. ठिय्यावरचा माणूस बंदूक गाडीत ठेवून हाक्यात उभा राहत नाही.

त्यांनी रस्ता वरखाली शोधला, ओढा शोधला, नावानं हाका मारल्या. थंडी हाडांत शिरत होती. चार वाजायला आले. पाचला अंधार पडणार, आणि बचावपथक गावातून यायला दोन तास लागणार.

तेव्हा नेविओला ते ऐकू आलं. उलट्या दिशेनं, काळ्या घळीतून. दोन लांब, एक फाटकी. पण आज त्यात घाई होती.

घळ इथून पाऊण किलोमीटर. फाउस्तो तिकडे कशाला जाईल? आणि तिकडे शोधा म्हणून सांगायचं तरी कशाच्या जोरावर? बाकीचे थांबून थांबून कानोसा घेत होते. त्या सगळ्यांचे कान शाबूत होते, आणि त्यातला एकही घळीकडे बघत नव्हता. तिकडे आपल्यासाठी काय वाट बघतंय याची त्याला पुरती कल्पना होती. तोंड बंद ठेवलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं.

"कुत्रं भुंकतंय," तो म्हणाला. "घळीत."

ओर्नेल्ला वळली. सहाही कुत्रे तिच्या मागे पिंजऱ्यात बसून तोंडातून वाफा सोडत होते. कुणी हसलं नाही.

"मला काही ऐकू येत नाही, नेविओ," ती हळूच म्हणाली. त्यानं ते तिच्या ओठांवरून वाचलं.

"मला येतंय," तो म्हणाला आणि चालू लागला. थोड्या वेळानं त्यानं मागे पाहिलं. ती दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकून त्याच्या मागून येत होती.

४

धुक्यात तो डोळे मिटून चालला असता तरी चाललं असतं. आवाजच इतका पक्का होता. चेस्टनटची झाडं लागली. सपाट जागा आली. भुंकणं आता कानठळ्या बसवत होतं.

काटेरी झुडूप होतं तिथं आता भोक होतं. बैलगाडी मावेल एवढं, काळं. आणि भोकाच्या काठावर कुत्र्याची पाठ दिसली. तांबूस करडी, ओल्या केसांची. पुढचे पाय आणि डोकं भोकात वाकलेलं, शेपटी ताठ. तेवढ्यात ती पाठ पुढे सरकली आणि एका भुंकण्याच्या मध्यावर, आवाज न करता, भोकात उतरली. त्यानंतर सगळं नेहमीसारखं मुकं झालं.

"तू पाहिलंस?" त्यानं विचारलं.

"भोक पाहिलं," ओर्नेल्ला म्हणाली. मग पोटावर पडून तिनं विजेरी आत मारली आणि ओरडली. हे ओरडणं त्याला उजव्या कानानं ऐकू आलं.

जुनी चुन्याची भट्टी होती ती, फांद्यांनी कधीकाळी झाकलेली, मग पानांनी बुजलेली. तळाशी, दोन पुरुष खोल, फाउस्तो भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे, डावा पाय भलत्याच कोनात. नेविओ दोर बांधून खाली उतरला. चाळीस वर्षं पाहिलेला तो मोठा, लालबुंद चेहरा राखेसारखा झालेला बघून त्याला रडूच फुटलं.

"आधी तुझं कुत्रं उचल," फाउस्तो कुजबुजला. नेविओनं कान त्याच्या तोंडापाशी नेला. "कुत्रं उचल लेका. सकाळपासून मांडीवर पडलंय. ऊब आहे, पण पाय मेला माझा."

नेविओनं विजेरी वळवली. फाउस्तोच्या मांडीवर ओली पानं होती, चपटी दबलेली, गोल. त्यानं त्यावर हात ठेवला. ती जागा गरम होती.

"कुणाचं आहे ते?" फाउस्तोनं विचारलं. "ओळखीचं वाटत नाही. भुंक म्हटलं, हाक मार कुणाला तरी, तर दिवसभर तोंड उघडलं नाही त्यानं."

५

तीन आठवड्यांनी फाउस्तो पायाला प्लास्टर घालून शिकारघराच्या टेबलाशी बसला होता. डॉक्टरांच्या मते एवढ्या थंडीत तो दुपारच्या आतच जायला हवा होता. एर्कोलेनं मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि डुकराचं मटण वाढलं. पहिला घास पोटात गेल्यावर ओर्नेल्लानं सुरी खाली ठेवली.

"कप्तान म्हणून विचारते. ठिय्या का सोडलास?"

"पोट बिघडलं होतं."

"म्हणून पाऊण किलोमीटर?"

"मी लाजाळू आहे."

टेबल हसलं. "आणि बंदूक कुलपात घालून?" एर्कोलेनं विचारलं. "तिलाही लाजत होतास?"

फाउस्तो ताटात बघत राहिला. नियम सगळ्यांना माहीत होता. ठिय्या सोडणारा टोळीबाहेर, कारण काहीही असो. नेविओ त्याच्याकडे बघत होता, आणि एकेक दगड जागेवर बसत गेला. निकामी ठिय्या, दोन वर्षं. काळी घळ म्हणजे कुत्रे सोडतो तिथून खालची बाजू. त्या रविवारी घळीच्या वर उभे होतो ते आपणच.

तो उभा राहिला. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "दोन हिवाळे झाले. मी तुम्हाला फसवलं."

कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यालाच मग आश्चर्य वाटलं.

"बस खाली, गार होतंय," एर्कोले म्हणाला. "माहीत आहे ते."

"कुणाकुणाला?"

"कुत्रे सोडून सगळ्यांना. कुत्र्यांनाही असावं."

"मग बोलला का नाहीत?"

"तूही बोलला नाहीस," ओर्नेल्ला म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुला तसंच हवंय."

फाउस्तो म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी एक डुक्कर तुझ्या पाठीमागून गेलं, दोन हातांवरून. लाम्पो बोंबलत होता आणि तू डबी बघत उभा. तेव्हापासून मी तीस पावलं मागं असतो. हाक्यात भरलेली बंदूक घेऊन हिंडत नाही मी, एवढी अक्कल आहे. काही यायला लागलं की तुझ्यापुढे खडे फेकायचो. तू आपला बाजूला व्हायचास."

"ते खडे तुझे?" नेविओ म्हणाला. "मला वाटायचं, खारी चेस्टनट टाकतायत."

"जानेवारीत? कुठली खार एवढी उधळी असते?"

या वेळचं हसू नेविओला नीट ऐकू आलं, कारण तो त्याच्या मधोमध बसला होता. आपण कीव येईल म्हणून घाबरत राहिलो आणि हा जाडा माणूस शंभरदा आपल्यासाठी बंदुकांच्या वाटेत चालत राहिला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं फाउस्तोचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"आणि कुत्रं?" ओर्नेल्लानं शेवटी विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं, पहिल्या रविवारपासून. तो आवाज काढूनही दाखवला, दोन लांब आणि एक फाटकी. बाहेर पिंजऱ्यात कुत्रे केव्हापासून हाडांसाठी दंगा करत होते. इतरांनी नंतर सांगितलं की त्या क्षणी ते सगळे चिडीचूप झाले. फाउस्तोनं मांडीवर हात ठेवला.

कुणी काही उलगडा केला नाही. एर्कोलेनं रिकामे पेले भरले.

"ठिय्या सोडल्याचं मी पाहिलेलं नाही," ओर्नेल्ला म्हणाली. "यातलं काहीही या दाराबाहेर जाणार नाही. यापुढे कुत्रे सोडताना एकजण तुझ्याबरोबर असेल, नेविओ. समोरून चालेल, चोरून नाही. आणि तू ते पुन्हा ऐकलंस तर त्याच मिनिटाला सांगायचं. मग काहीही चालू असो."

६

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी ऊन होतं. ओर्नेल्ला स्वतः नेविओबरोबर होती. कुत्रे बोलले की ती त्याच्या पाठीवर बोटं टेकवायची. एक टकटक म्हणजे ब्रूना, दोन म्हणजे लाम्पो. हात ज्या खांद्याकडे सरकायचा ती दिशा. तासाभरातच त्याला पाठीनं शिकार वाचता यायला लागली.

"मोठा नर आहे," तो म्हणाला. "ब्रूना अशी रेटत नाही एरवी." ओर्नेल्लानं मान डोलावली. टोळीला तीन वर्षांत असं जनावर मिळालं नव्हतं. आणि ते सरळ चौथ्या ठिय्याकडे निघालं होतं.

तेवढ्यात ते आलं. डाव्या कानात. खालून, गावच्या छोट्या चॅपेलकडे जाणाऱ्या पायवाटेवरून.

नेविओचं तोंड अर्धवट उघडलं आणि तसंच राहिलं. अजून दोन मिनिटं थांबलं तर डुक्कर पडलं असतं. त्यानं ओर्नेल्लाकडे पाहिलं. "कुत्रं," तो म्हणाला.

तिनं एकही प्रश्न विचारला नाही. शिंग तोंडाला लावलं आणि हाका मोडला.

रिकाम्या बंदुका खांद्यावर घेऊन माणसं चारी बाजूंनी उतरून आली. चौथ्या ठिय्यावरच्यानं डुकराचे डोळे पाहिले होते आणि नेम सोडून तो आला होता. फाउस्तो रस्त्यावर गाडी थांबवायला लावून कुबड्यांवर लंगडत, वाटेला शिव्या घालत पोचला. सगळे पायवाटेभोवती गोल करून उभे राहिले. उन्हात वाळलेलं गवत होतं, दोन दगड होते, वाट नेहमीसारखी होती.

"काही नाही इथं," नेविओ ओशाळून म्हणाला. आवाज त्याच्या पायाशी होता, खाली तोंड केलेला.

"अजून नाही," ओर्नेल्ला म्हणाली. "भट्टीवरही तीन रविवार नुसती पानंच होती. कुऱ्हाडी कुणाच्या गाडीत आहेत?"

त्यांनी चेस्टनटचे खांब तोडले, टोकं काढली. एकजण केशरी फीत घेऊन आला. दुसरा चॅपेलकडे जायची नवी वाट कुठून काढता येईल ते बघायला झाडीत शिरला. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. फक्त फाउस्तोनं कुबडी रोवून विचारलं, "कुंपण किती मोठं घालायचं?"

नेविओ गुडघ्यांवर बसला. कुत्रं इतकं जवळ होतं की त्याच्या श्वासाची ऊब मनगटाला लागत होती. या वेळी तो मागे सरला नाही. मेलेला कान जमिनीशी नेऊन तो गवतातून हळूहळू गोल फिरला आणि काठीनं रेघ ओढत गेला.

"एवढं," तो म्हणाला.

अकरा माणसं खांब ठोकू लागली.